चिंचेनं उजळलेली नाणी

मंगळवार, नांदेड. संध्याकाळ.

नायगावहून आत्ताच आलो. चहा केला, तो तसाच गार झाला. डोळ्यांसमोर ती लखलखीत परात.

विहीर खोदताना गाडगं निघालं, आत तांब्याची जुनी नाणी. गाडगं फुटलं, पण नाणी हिरव्या गंजाने चिकटून त्यांचा गोळा झालाय, असं शेतमालकाने परवा फोनवर सांगितलं होतं. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. तळाला कोणतं, शेवटी वर कोणतं पडलं, त्यावरून गाडगं साधारण कधी पुरलं ते कळलं असतं. गंजात कापडाचा ठसाही मिळाला असता कदाचित. जाताना वाटभर मी मनात पुरातत्त्व खात्यासाठीचा अहवाल लिहीत होतो. मूर्ख.

आणि परातीत काय? प्रत्येक नाणं सुटं, लालभडक, वर हळदीकुंकू. चिंच आणि राख लावून काथ्याने घासलेली. नाण्यांवरचा हत्तीसुद्धा पुसट झालाय. गंज मोरीतून वाहून गेला, गोळ्याचा तर फोटोही नाही.

शेतमालकाच्या आईला मी जरा तोडूनच विचारलं, "मावशी, कशाला घासली?"

त्या ओशाळल्या. परात पदराने पुसत म्हणाल्या, "लक्ष्मी हाय म्हणून देवापुढं तशीच ठिवली व्हती की. काल तुमचा फोन आला, उद्या येतो म्हणून. मग सायबाला मळकी कशी दाखवावी?"

खरंच, काल मी एवढंच बोललो होतो. हात लावू नका, हे सांगायचं राहिलं.