अकरा पट्ट्यांत एकच आवाज

इंदिरानगर, नाशिक
दि. २४ जून

आदरणीय व्याही सहादूदादा यांना जयरामचा सप्रेम जयभीम.

पत्राला अडीच महिने उशीर झाला, त्याबद्दल आधीच माफी मागतो. फोन करता आला असता, पण फोनवर तुमच्यापुढे माझं बोलणं पूर्ण होत नाही (यात तुमचा दोष नाही, माझाच आवाज बारीक आहे). यशोदाबाईंचा गुडघा कसा आहे? आमची अंजली सासू-सासऱ्यांना चहा वेळेवर देते ना? तुमचा घसा बरा आहे ना? हे शेवटचं मी उगीच विचारत नाही. मला इथे रक्तदाब, पित्त आणि संगणक अशा तीन तक्रारी आहेत. पहिल्या दोहोंवर गोळ्या मिळतात.

तुम्हाला जयंतीचा कार्यक्रम आठवतच असेल, तुम्ही पहिल्याच रांगेत होता. माझी थोरली बहीण सुलाबाई, म्हणजे आमची आक्का, हिने चाळीस वर्षं गायन पार्टी चालवली, वणीपासून सिन्नरपर्यंत एक गाव सोडलं नाही, पण तिच्या आवाजाचं धड एक रेकॉर्डिंग नाही. (एक कॅसेट होती, तिच्यावर कुणीतरी दहावीचं इंग्रजी भरून टाकलं.) यंदा तिने माईकवरच सांगून टाकलं की हा आपला शेवटचा कार्यक्रम, आता वरचा सूर लागत नाही. म्हणून माझी नात तेजल हिने मनावर घेतलं. साउंडवाल्या मयूरने अकरा माईक लावून प्रत्येकाचं वेगळं रेकॉर्डिंग केलं. ते संगणकात घालायचं, कुणाला वर, कुणाला खाली करायचं आणि सगळ्यांचं मिळून एक करायचं, याला मिक्सिंग म्हणतात. आषाढ पौर्णिमेला विहारात ते सगळ्यांसमोर लावायचं ठरलं आहे. तेजलने सुरुवात केली आणि तिला पुण्याला नोकरी लागली. मग तिने मला दोन दिवस शिकवलं, एका नव्या वहीत सूचना लिहून दिल्या आणि म्हणाली, "आबा, एकदम सोपंय. फक्त घाबरू नका." मी सातवी पास, बत्तीस वर्षं शिपाई. न घाबरण्याची मला सवयच नाही.

तर पडद्यावर अकरा आडव्या पट्ट्या दिसतात. एका माईकची एक पट्टी, आणि आवाज म्हणजे तिच्यातले करवतीसारखे दाते. एक बटण दाबलं की फक्त तेवढीच पट्टी ऐकू येते, दुसरं दाबलं की तेवढीच गप्प बसते. (असं बटण मला नोकरीत मिळालं असतं तर पित्त झालं नसतं.) आवाज फार मोठा झाला की कोपऱ्यात लाल दिवा लागतो, आणि तो लागला की मी खुर्चीवरून उठून उभा राहतो. पहिल्या आठवड्यात मी आक्काच्या आवाजाला थोडा घुमारा द्यायला गेलो, तर आमची मंडळी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. म्हणाली, "अहो, विहिरीत कोण पडलं?" आणि मग गॅलरीतून खाली वाकून बघून आली, आमच्या सोसायटीत विहीर नसताना.

आता तुमचा विषय. रागावू नये. लासलगावच्या बाजार समितीत पस्तीस वर्षं कांद्याचा लिलाव पुकारलेला तुमचा गळा. ट्रॅक्टरच्या आवाजावरून शेवटच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचणारा. त्या गळ्यातून तुम्ही आक्काला मनापासून दाद दिली, ही आमच्या घराण्याला अभिमानाची गोष्ट आहे. पण सहादूदादा, तुमच्यासमोर माईक नव्हता, तरी तुम्ही अकराही माईकमध्ये आहात. "व्वा!" तुमचं. "चढवा बाई, अजून चढवा!" तुमचं. आक्काच्या पट्टीतून तुम्हाला कापलं की तुम्ही पेटीच्या पट्टीत, तिथून काढलं की नवनाथच्या ढोलकीत, आणि ढोलकीतून काढलं की मी उभा होतो त्या कोरसमध्ये, माझ्या खांद्यापाशी. त्यात तुमच्या घरून फोन आला. आक्का सगळ्यांत नाजूक ओळ घेत होती आणि तुम्ही विचारलंत, "म्हशीला पाणी दाखवलं का?" तेही अकराही माईकमध्ये आहे.

संगणकात अशी एक सोय आहे की नको असलेल्या आवाजाचा नमुना त्याला दाखवला की तो आवाज सगळीकडून झाडून काढतो. ती पंख्याच्या घरघरीसाठी आहे. मी तुमचा नमुना दाखवला. त्याने इमानदारीने तुम्हाला काढलं आणि तुमच्याबरोबर नवनाथची अर्धी ढोलकीही नेली, कारण त्याच्या मते तुम्ही दोघे एकाच जाडीचे. नवनाथने ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग मी तो नाद सोडला आणि हातानेच काम केलं. एकेक दाता निवडला, तांदळातल्या खड्यासारखा.

असो. तुमचा आवाज अगदी नावापुरता कमी केला आहे आणि गाणं आता स्वच्छ झालं आहे. काळजी नसावी. यशोदाबाईंना जयभीम, अंजलीला आशीर्वाद.

आपला,
जयराम

ता. क. नावापुरता असं वर लिहिलं, ते खरं नाही. सगळा काढला. तीन आठवडे लागले. मग मोठ्या हौसेने आक्काला बोलावून खुर्चीवर बसवलं आणि लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच डोळे उघडून म्हणाली, "जयराम, मी हसतेय कशाला रे? गाता गाता येड लागलं का मला?" (म्हैस काढली, पण म्हशीवर आलेलं हसू तिच्या ओळीतच अडकलेलं, ते कसं काढणार?) पुढे तीच ओळ चारदा आली, दरवेळी थोडी वर. लागत नाही म्हणत होती तो सूर चौथ्यांदा चक्क लागला आहे. ती म्हणाली, "ही ओळ मी चारदा घेतली ती काय उगाच? लासलगावचं पाव्हणं चढवा चढवा म्हणत होतं. ते कुठं हाय?" मी म्हटलं, काढलं. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मग मला बी काढ त्यातून."

दुसरी ता. क. परत घालायला गेलो, तर घालायला काही उरलेलं नाही. काम संपवताना संगणक इंग्रजीत काहीतरी विचारतो (जुनं पुसून नवं ठेवू का, असं ते असतं, हे आता कळलं). बत्तीस वर्षं वरच्याने काही विचारलं की मी होय म्हणत आलो, तसंच रोज म्हणालो. तेजलला फोन केला. ती ओरडली, "आबा! हात लावायच्या आधी कॉपी काढून ठेवायची, वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहून दिलं होतं मी!" दिलं असेल. वही खराब होऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी मी तिला खाकी कव्हर घातलं. मयूरकडे मूळ रेकॉर्डिंगचं कार्ड होतं, त्याच्यावर आता कुणाच्या तरी हळदीचा कार्यक्रम आहे. म्हणून हात जोडून विनंती, एका रविवारी नाशिकला यावं आणि त्याच त्या जागी पुन्हा ओरडावं. एकंदर चौदा जागा आहेत, यादी सोबत जोडली आहे. म्हशीची चौकशीही करावी लागेल. तेजल सुट्टी काढून येते आहे, बटणं तीच दाबेल, मी फक्त चहा आणीन.

तिसरी ता. क. हे पत्र पाकिटात घालताना आक्का आली आणि तिने सगळं वाचलं. म्हणते, "पाव्हणं काय डब्याकडं बघून वरडतील? माणूस कुणाकडं तरी बघून दाद देतं. मी बसते म्होरं, गाते." मी भीत भीत म्हटलं, अगं, तू तर शेवटचा कार्यक्रम म्हणाली होतीस. तर म्हणाली, "कार्यक्रम कुठं हाय? पाव्हणं येणार, मी गाणार. तू गप बस." कालपासून हळद घातलेलं दूध पिते आहे, ढोलकीला नवनाथलाही सांगून आली, आणि सकाळपासून दोनदा विचारून झालं की लासलगावहून काय कळलं. पत्र अजून माझ्या हातातच आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही. पौर्णिमा तोंडावर आली आहे. कोणत्या रविवारी आणि कोणत्या गाडीने येताय, ते लवकर कळवा.