कोरड्या दिवसाचा फलक

२ मे २०२५, शुक्रवार
रोजनिशी लिहिण्याचा अधिकार ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांचा. माझ्या आयुष्यात अद्याप फक्त बारावीची परीक्षा घडली आहे. तरीही लेखणी उचलण्याचे धाडस केले, याबद्दल क्षमा असावी. क्षमा कोणाची मागते आहे हे स्पष्ट नाही, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

निमित्त असे. गावात डेंग्यूचे तीन रुग्ण निघाले. आमच्या आशा कार्यकर्त्या रुपाताई घरोघरी रांजणांत बॅटरी मारून अळ्या शोधत फिरतात. उपकेंद्राच्या भिंतीसाठी फ्लेक्स तयार करून दे, तुझं मराठी लई भारी हाय, असे त्या म्हणाल्या. मी लाजले, परंतु असहमत होता आले नाही.

मी जाहिरातकलेचे शिक्षण घ्यावे हे बाबांना पसंत नाही. बोर्ड रंगवायला कॉलेज काहून लागतं, असा त्यांचा प्रश्न. आज जेवताना अट घातली: गावानं तुझ्या बोर्डाचं ऐकलं, तरच कॉलेजच्या फारमावर सही करीन. मुदत ३१ मे. म्हणजे सही झालीच.

५ मे, सायंकाळी
मजकूर पूर्ण. दोनशे चाळीस शब्द. 'साठविलेले पाणी हेच एडिस डासाचे सूतिकागृह होय' हे वाक्य विशेष उतरले आहे. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, सर्व भांडी रिकामी करून, घासून पालथी घालावीत, हा आशय. प्रारंभ शुक्रवारी, १६ मे रोजी, सकाळी ८ वाजता. कोपऱ्यात शोभेपुरता एक पालथा हंडा.

संकल्प: आता एकही शब्द वाढवायचा नाही.

(बारावीचा निकालही लागला. शाळेत पहिली. असो.)

५ मे, रात्री आठ
एकतीस शब्द वाढवले. अपरिहार्य होते.

८ मे
हिंगोलीला शाकीरभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. काय बोलायचे ते चिठ्ठीवर लिहून नेले होते. ऐनवेळी चिठ्ठीच त्यांच्या हाती दिली. त्यांनी मजकूर स्क्रीनवर वरखाली फिरवला आणि विचारले, "ताई, ये बोर्ड है के किताब? लोक चालता चालता बघतेत, बसून न्हाई." मी मौनाने निषेध नोंदवला. तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नसावा, कारण "तुमी जा, मी बराबर सेट करतो," असे ते हसत म्हणाले.

१२ मे
फ्लेक्स आला, लागलाही. हंडा साडेतीन फूट. त्याखाली हाताएवढ्या अक्षरांत 'शुक्रवार, १६ मे, सकाळी ८'. माझे दोनशे एकाहत्तर शब्द अगदी तळाशी, औषधाच्या बाटलीवर असतात त्या आकारात.

प्रथम रडू आले. नंतर विचार केला: बारीक अक्षरांसाठी जिज्ञासू वाचक जवळ येतोच.

१४ मे
नळाला दहा दिवसांनी पाणी येतं, साठवलेलं कोण ओतणार, अशी शंका रुपाताईंनी काढली. मी त्यांना दुसरा परिच्छेद वाचण्यास सुचवले.

जिज्ञासू वाचकही लाभला. शेजारच्या खतीजाबी फलकासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग घरी येऊन विचारू लागल्या, काय गं पोरी, समद्या बायांनी यायचं ना? मी म्हणाले, प्रत्येक घराचा सहभाग अपेक्षित आहे. मग भांडायच्या तयारीनंच येतो, असे म्हणून गेल्या. डासांविरुद्धचा तो त्वेष पाहून गहिवरले.

१६ मे, सकाळी ११
ग्रामपंचायतीसमोर साठ बायका. साठ रिकामे हंडे.

रिकामा हंडा, वार आणि वेळ एवढे दिसले की आमच्याकडे तो पाण्यासाठीचा हंडा मोर्चा असतो. हे मला ठाऊक होते. आठवले नाही.

खतीजाबी सर्वांत पुढे. दहा दिसाला पाणी सोडता, आन् साठवलं तर डास होतेत म्हनता, आमी करावं तरी काय, असे त्यांनी सरपंच जळबाकाकांना विचारले. हा बोर्ड कुणाचा, असे काकांनी विचारले. साठ हात माझ्याकडे झाले. मी रुपाताईंच्या पाठीमागून विनंती केली की मजकूर कृपया वाचावा. काकांनी चष्मा मागवला, दोन ओळी वाचल्या, चष्मा परत दिला. बंद पडलेली दुसरी मोटर बसवतो, चार दिसाला पाणी सोडतो, पण तो फ्लेक्स उतरवा, असे ठरले.

रुपाताई घरापर्यंत हसत होत्या. बहुधा समाधानाने.

२९ मे
पाणी खरोखरच चार दिवसांनी येऊ लागले. नवे पाणी आले की बायका शिळे ओतून भांडी घासतात. हे त्यांना सांगावे लागत नाही. अळ्या सापडलेली घरे अडतीस होती, ती पाच झाली. नवा रुग्ण नाही. विजय!

अर्जातील 'आपल्या कामाचा परिणाम' या रकान्यासाठी चार पाने लिहिली. रकाना तीन ओळींचा आहे.

रुपाताईंच्या अहवालात कारण दिले आहे: 'पाणी लवकर येत असल्याने'. फलकाचा उल्लेख घाईत राहिला असावा.

३१ मे
गावाने ऐकले, असे म्हणून बाबांपुढे अर्ज ठेवला. बाबा म्हणाले, "ऐकलं की. हंड्याचं ऐकलं. तुझं काय ऐकलं ते सांग." आपण मजकूर वाचला का, असे मी विचारले. न्हाई, म्हणाले. आईही न्हाई म्हणाली. ओट्यावर बसलेल्या खतीजाबींनी आश्चर्याने विचारले, "तारखेखाली काही लिवलं बी व्हतं?"

मी अर्ज उचलू लागले. बाबांनी तो ओढून घेतला आणि सही केली. म्हणाले, "ह्याला कॉलेज काहून लागतं, हे मला कळत नव्हतं. आता कळलं. तुला तर लईच लागतंय."

चार पाने फाडली. रकान्यात लिहिले: हंडा शाकीरभाईंनी मोठा केला. मोर्चा खतीजाबींनी काढला. मजकूर माझा होता. तो कोणी वाचला नाही.

अर्ज पाठवला: शनिवार, ३१ मे २०२५, दुपारी ४ वाजून ५२ मिनिटे.