पलटी खाल्लेलं स्वयंपाकघर

तीर्थस्वरूप आक्का यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकता येत नाही, कमरेत उसण भरली आहे, पण कागदावर पूर्ण वाकलो आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना? उतरताना दुखत असेल तर तो दोष वयाचा आणि चढताना दुखत असेल तर जिन्याचा, असं माझं मत आहे, आणि जिन्यांच्या बाबतीत माझं मत सहसा चुकत नाही. साडूंचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? अजून चोरून मीठ घेतात का वरून? तुमची धाकटी सध्या तुमच्याकडेच असल्यामुळे तिची खुशाली मी निराळी विचारत नाही. चार दिवसांसाठी म्हणून आली आहे. आज सदुसष्टावा दिवस. मी काही मोजत बसलेलो नाही, सहज कॅलेंडरकडे लक्ष गेलं.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे साडूंचा प्रश्न. निवृत्तीचे पैसे हातात आलेत, ते घरात घालावेत का, आणि घालावेत तर भाड्यानं द्यायला घर घ्यावं की पलटीला, असं त्यांनी मागे फोनवर विचारलं होतं. (पलटी म्हणजे पडकं घर स्वस्तात घ्यायचं, नळ बदलायचे, रंग काढायचा आणि चढ्या भावात विकून मोकळं व्हायचं.) योग्य माणसाला विचारलंत म्हणावं. सव्वीस वर्षांत एकोणीस घरं फिरवलीत मी, तीसुद्धा पाच निरनिराळ्या गावांत, कारण एकाच खुंटीवर सगळे कपडे टांगू नयेत हे माझं पहिलं तत्त्व. खुंटी निखळली की माणूस उघडा पडतो. समुद्राकाठच्या गावी मी दोन खोल्या घेतल्या, तिथे भाडं उत्तम आणि हवा त्याहून उत्तम. फक्त त्या हवेनं खिडक्यांचे गज खाल्ले, कड्या खाल्ल्या, शेवटी कुलूपसुद्धा खाल्लं, आणि भाडेकरूनं मला फोन करून विचारलं की दार आता नेमकं कशानं लावू. कॉलेजजवळच्या घरात चार मुलं ठेवली होती, ती सोडून गेली तेव्हा आत नऊ राहत होती असं कळलं. कारखान्याच्या गावात घर घेतलं त्याच वर्षी कारखाना हलला. पण साडूंना म्हणावं घाबरू नका, धंदा म्हटलं की हे चालायचंच.

खरी कमाई पलटीत. आणि पलटीचा खरा मंत्र म्हणजे दुरुस्ती चालू असताना आपण त्याच घरात राहायचं. पहारा होतो, स्वतःचं भाडं वाचतं, कामगारांवर नजर राहते. म्हणून एकोणिसाव्या घरापर्यंत आमचं बिऱ्हाड आम्ही पाठीवर घेऊनच फिरलो. हिनं कधी तक्रार केली नाही. (केली असेल तर ड्रिलच्या आवाजात मला ऐकू आली नसेल.) माझे दोन नियम मात्र तिला तोंडपाठ होते. एक, ओट्यावर शेगडीच्या डाव्या हाताला भिंत हवी, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. दोन, भिंतीला खिळा मारायचा नाही. भोकं दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतं. त्यामुळे आमची कॅलेंडरं नेहमी जमिनीवर, भिंतीला टेकून उभी असायची आणि तारीख बघायला खाली बसावं लागायचं.

आता एकोणिसाव्या घराची हकिगत. हे नदीकाठच्या गावातलं, आमच्यापासून रेल्वेनं आठ तास. इतक्या लांब खेटे कोण घालणार? दलालाला म्हटलं, स्वयंपाकघराचा व्हिडिओ पाठव, मापं फोनवर सांग, कपाटं मी इकडेच आमच्या सुताराकडून करून ट्रकनं पाठवतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण माणूस त्या वेळी उंटावर असतो ना, त्याला छान दिसत असतं. हा दलाल म्हणजे स्वतःच्या चेहऱ्यावर निहायत खूश असलेला इसम. त्यानं समोरच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढला. अर्ध्या भागात तो, उरलेल्या अर्ध्यात माझं स्वयंपाकघर. आता आरशात जसं डावं-उजवं पालटतं तसं त्याच्या त्या कॅमेऱ्यात सगळंच पालटलं होतं, हे ना त्याला कळलं, ना मला. दलालाच्या शर्टाचा खिसा त्याच्या उजव्या छातीवर दिसत होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी त्याचा शर्ट बघू की ओटा?

आम्ही बिऱ्हाड घेऊन तिथे पोचलो आणि मागोमाग कपाटं आली. सुतारही बरोबर आला होता. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन चहाबद्दल असतात. त्यानं कपाटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मोबाईल काढून व्हिडिओ पाहिला आणि मला म्हणाला, "साहेब, कपाटं बरोबर आहेत. घर उलटं आहे." पलटीच्या धंद्यात सव्वीस वर्षं काढल्यावर मी अशी पलटी खाल्ली. नवी कपाटं करायची तर नफा गेला, म्हणून मी प्लंबर बोलावला आणि कपाटांच्या हिशेबानं नळ, मोरी, शेगडी सगळंच इकडचं तिकडे करून टाकलं. जगात कुणी केलं नसेल असं उलटं स्वयंपाकघर तयार झालं. भिंत उजव्या हाताला. मी कपाळाला हात लावून बाहेर येऊन बसलो.

आणि आक्का, आतून गुणगुणणं ऐकू आलं. मला आधी वाटलं रंगाऱ्यानं रेडिओ लावलाय. जाऊन बघतो तर ही. भाजी चिरत होती, डाव्या हातानं. चहा गाळला, तोही डाव्या हातानं. एवढी सरसर, की तिला स्वयंपाक करताना मी पहिल्यांदाच बघतोय असं वाटलं. मी म्हटलं, अगं, तू डावखुरी आहेस? ती म्हणाली, "लग्नाला एकतीसच वर्षं झाली. लवकर लक्षात आलं." लिहायला-जेवायला तिला लहानपणी धाकानं उजवा हात लावला होता म्हणे, ते तुम्हाला ठाऊक असणारच. मला नव्हतं. भिंतीतली ओल मी हात न लावता ओळखतो, नळ कुठल्या साली बसवलाय ते आवाजावरून सांगतो, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं हातोडी मागितली. ओट्याच्या वर भिंतीत चार खिळे मारले. झारा, पळी, चिमटा टांगले, आणि चौथ्यावर कॅलेंडर. मग मागे सरकून बघत राहिली आणि म्हणाली, "हे घर ठेवू या." मी हसलो. तिला गंमत सुचली असं वाटलं हो मला! शिवाय दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायचं होतं. ती अंघोळीला गेली तेवढ्यात मी चारही खिळे उपटले, भोकांत लांबीचा लगदा भरला, वरून रंगाचा हात मारला. इतकं सफाईचं काम झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. ती बाहेर आली, भिंतीकडे बघितलं, झारा-पळी टोपलीत नीट रचून ठेवलेली होती तीही बघितली, आणि म्हणाली, "बरं." एवढंच. संध्याकाळच्या गाडीनं ती तुमच्याकडे आली. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

घर विकलं गेलं. भाव उत्तम आला. पुढे काय झालं ते साडूंच्या कानावर घालू नका. पैसे हातात आले आणि मला पुढचं घर बघवेना. तीन बघितली. प्रत्येक ठिकाणी आधी स्वयंपाकघरात गेलो आणि भिंत डावीकडे दिसली की बाहेर आलो. शेवटी त्या उलट्या घराच्या नव्या मालकाला गाठलं, घर परत द्या म्हटलं, तर म्हणाला विकायचं नाही, भाड्यानं द्यायचंय. हा माझ्याच जातकुळीचा, चार गावांत घरं असलेला. मग काय, मीच विकलेल्या घरात मीच भाडेकरू झालो. करारनामाही त्यानं माझाच वापरला, मी मोठेपणा करून त्याला नमुना दिला होता. त्यात सातवं कलम: भाडेकरूने भिंतीस खिळा मारू नये. आपलेच दात आणि आपलेच ओठ! दोन तास हुज्जत घातली, दर महिन्याचं भाडं वाढवून दिलं, तेव्हा त्यानं ते कलम खोडलं.

असो. कागद संपत आला. साडूंना नमस्कार, आणि मिठाचं माझ्याकडून कळलं असं सांगू नका. हे पत्र हिला मुळीच दाखवू नये.

आपला,
एकोणीस घरांचा मालक होऊन गेलेला मेहुणा

ता. क. साडूंनी घर घेऊ नये. पैसे बँकेत ठेवावेत आणि स्वतःच्या भिंतीत हवे तेवढे खिळे मारावेत.

ता. क. करारावर राहणाऱ्यांची संख्या दोन लिहिली आहे. मालक परवा विचारत होता, दुसरं माणूस कुठंय? गावाला गेलंय म्हणालो. मला तिची फार आठवण येते, आक्का. गुणगुणण्याचीही येते, पण ते तर एकदाच ऐकलंय. जास्त आठवण येते ती नुसती घरात असण्याची.

ता. क. अजून एक विचारायचं राहिलं, खरं तर एवढंच विचारायला बसलो होतो. हिच्या डाव्या कोपरावर काळसर डाग आहे. मी तो इतकी वर्षं जन्मखूण समजत होतो. गेला महिनाभर मी या उलट्या ओट्यावर स्वतःचा चहा करतोय, आणि प्रत्येक वेळी उजवं कोपर भिंतीवर आपटतं. काल शर्ट बदलताना पाहिलं तर अगदी तसाच डाग. तुम्ही तिला लहानपणी न्हाऊ-माखू घातलंय, तेव्हा तुम्हीच सांगू शकाल. तो डाग जन्मापासून होता का हो? मघाशी पत्र दाखवू नका म्हणालो ते राहू द्या. हा प्रश्न तिच्यासमोर मोठ्यानं वाचा, आणि ती काय म्हणते ते मला कळवा.