जिवंत मुलाच्या नावाचं पाणी

फाल्गुन शु. ११, शुक्रवार
उपास. अनिरुद्धने आजही तीर्थ घेतलं नाही. पळी पुढे केली की हात मागे. म्हणतो, "आई, तहान लागली की तुझ्याकडेच पाणी मागतो ना?" हे पूजेवरूनच ओरडले, "आठ पिढ्या रामाची सेवा आहे ह्या घरात. संस्थानच्या सरकारांनी थोरल्या मुलाकडे दिलेली. नवमीला देवाला पाळण्यात तू ठेवायचंस, कळलं?" तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मी पितळेला झोपवणार नाही."
पितळ म्हणाला. माझ्या रामाला.
ह्यांचं बीपी वाढलं. गोळी दिली. वऱ्याचे तांदूळ तसेच उरले, उद्या थालीपिठात घालीन.

शु. १३, रविवार
अनि. पहाटेच भैरवगढला सत्संगाला. कापडावर छपाई करणाऱ्यांच्या मोहल्ल्यात एक खोली आहे म्हणे. मूर्ती नाही, फोटो नाही, नुसती कोरी भिंत आणि सगळे एका जाजमावर. कोण कुणाचा, विचारायचं नाही.
मी विचारलं, "तिथे देव दिसतो का रे?"
"इथे दिसतो तुला?"
दिसतो. पण पोराला कसं सांगायचं ते सुचेना.
मग दुपारी एक केलं. त्याच्या वरणात दोन पळ्या तीर्थ घातलं. त्याने पोटभर जेवून ताट स्वच्छ केलं. पाप की पुण्य, रामच जाणे. रोज घालीन. तुटायचा नाही तेवढ्याने.

पौर्णिमा, मंगळवार
होळी. पुरण बरं झालं. अनि.ने जानवं काढून, कागदात नीट घडी करून ह्यांच्या टेबलावर ठेवलं. फेकलं असतं तर ह्यांना रागवता तरी आलं असतं. हे कागद उघडून बघत राहिले. होळीला नारळ वाहायला गेलेच नाहीत.

फा. व. ३, शुक्रवार
अनि. आज बोलला जरा. मी गहू निवडत होते, तो जवळ येऊन बसला. इतिहासाच्या एम.ए.ला आहे, त्यातलंच सांगत होता. जर्मनीत पाच-एकशे वर्षांपूर्वी एका सरदाराचा थोरला मुलगा. तिकडे तेव्हा धर्मात मोठी फूट पडलेली. बाप जुन्या देवळातला, मुलाला नव्यांचं पटलं. बाप म्हणाला, पूर्वजांसारखा प्रसाद घे, नाहीतर गढी सोड. मुलाने गढी सोडली. जहागीर चुलत्याकडे गेली.
"आणि त्याच्या आईचं काय झालं?"
त्याने पुष्कळ आठवून पाहिलं. म्हणाला, "पुस्तकात आईबद्दल काहीच नाही गं."
गहू तसेच ठेवून उठले.

व. ४, शनिवार
हे जेवेनात. म्हणाले, "मुलगा गेलाच आपला." बघवेना, म्हणून सांगून टाकलं, की अहो, गेला नाही, रोज तीर्थ जातंय त्याच्या पोटात, मी वरणात घालते. हे लहान मुलासारखे हसले. दोन पोळ्या खाल्ल्या. कुणाला बोलू नका, म्हटलं. "छे गं," म्हणाले.

व. ५, रंगपंचमी
काय लिहू.
भाऊजी आणि त्यांचा मुकुंद आले होते जेवायला. बाहेर गेर, रंगाची मिरवणूक चाललेली, ढोल, काही ऐकू येत नव्हतं. भाऊजींनी मुद्दामच काढलं, "दादा, नवमीला आमच्या मुकुंदाला सोवळं शिवायला टाकू का? वहिनी, रामाला वारस लागतोच हो. तुमचा नाही तर आमचा." हे पेटले. अनि.कडे बोट करून, "हाच बसणार! मोठा निर्गुणवाला! रोज तीर्थ पितोस तू, ठाऊक आहे? तुझ्या आईनेच पाजलंय वरणातून!"
अनि.ने माझ्याकडे पाहिलं. "आई?"
एवढंच. मी वरणाची वाटी त्याच्या पुढून उचलली.
त्याने ताट बाजूला सारलं, हात धुतले, एक बॅग भरली. ह्यांच्या पाया पडला, माझ्याही. गल्लीतल्या पोरांनी फाटकातच त्याच्यावर लाल रंग ओतला, त्यांना काय माहीत. तसाच गेला.

व. ८, बुधवार
भैरवगढला जाऊन आले. शेअरच्या टेम्पोने, ऑटोवाले फार मागतात. छापखान्याच्या वर खोली घेतली आहे त्याने. खाली ओल्या चादरी वाळत घातलेल्या, त्यांच्यामधून वाट काढत गेले. मालकीण भली बाई. "माताजी, लड़का सोना है सोना, पर खाता कुछ नहीं."
गूळपोळ्या नेल्या होत्या. त्याने डबा हातात घेतला, पण झाकण काही उघडलं नाही. म्हणाला, "यात काही आहे का?"
"नाही रे. रामाची शपथ."
हसला. डोळे भरून हसला. "ती मला कशी चालेल आई? आणि माझी शपथ तू घेणार नाहीस."
खरंच नाही घेतली. मुलाची शपथ कोण घेतं.
पोळ्या मालकिणीच्या मुलांना दिल्या. मला चहा स्वतः करून दिला. ह्यांचं बीपी विचारलं. निघताना म्हणाला, "बाबांचा राग नाही मला. ते समोरून बोलतात."
टेम्पोत रडू आलं तर शेजारची बाई म्हणे, "अम्मा, सिद्धवट पे किसी का पिंडदान करके आईं क्या?"

व. ११, शनिवार
त्या बाईची जीभ झडो. ह्यांनी ठरवलंय. अमावास्येला सिद्धवटावर अनि.च्या नावाने तीळपाणी सोडायचं. म्हणजे तो आमच्या लेखी नाही. मग नवमीला मुकुंद बसेल, कुणी बोट ठेवायचं नाही.
गुरुजी घरी आले होते. म्हणाले, "यजमान, जिवंताचं करवत नाही. पण पतित असेल, तर जिवंतपणीही पाणी सोडायचं विधान आहे." मी मध्ये बोलले, पहिल्यांदाच, "गुरुजी, तो दारू पीत नाही, खोटं बोलत नाही, पतित कसा?" हे म्हणाले, "चहा आण."
आणला. साखर घालायची राहिली. दोघं तसाच प्यायले.

व. १३, सोमवार
दोन दिवस गाभाऱ्यात बसून आहे. रामा, तू पितळेचा नाहीस ना? मग बोल काहीतरी ह्यांच्या कानात. तूही बापाच्या शब्दासाठी घर सोडलंस, आमचा बापाच्या शब्दामुळेच सुटला. तुझ्या आईला तू चौदा वर्षांनी तरी
हे रात्रीचे जेवत नाहीत. आज बघितलं, अनि.चा मुंजीतला रेशमी सोवळा पंचा काढून इस्त्री करत होते. मला पाहून म्हणाले, "मुकुंदला होईल." मुंजीतला पंचा, मुकुंदला गुडघ्यापर्यंत येईल तो.
अनि.ला फोन केला. उचलला. अमावास्येचं सांगणार होते. "जेवलास का" एवढंच विचारलं.

अमावास्या, बुधवार
सिद्धवट. खूप गर्दी. घाटावरून भैरवगढच्या गच्च्या दिसतात, त्यातली त्याची कुठली ते शोधत होते. हे म्हणाले, "इकडे बघ."
ह्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, तीळ घातले. गुरुजी म्हणाले, "वहिनी, संकल्पाला ह्यांच्या हाताला हात लावा."
लग्नापासून लावत आले. वास्तूला, मुंजीला, सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला. आज हात पदरातून निघेना. मी धरून नव्हता ठेवला. निघेचना.
"वहिनी."
ह्यांच्या बोटांतून पाणी गळून गेलं. गुरुजींनी पुन्हा ओतलं. पुन्हा गळालं. हे खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, मला एकट्याने नाही जमणार हे."
"मग नका ना करू."
मागचे लोक घाई करायला लागले. गुरुजींनी दर्भ गुंडाळले. ऑटोने आलो, दोघं दोन टोकांना.

चैत्र शु. १, गुरुवार
गुढी उभारली. कडुनिंब कडू, गूळ घातलाच नाही कुणी.
गुरुजींचा फोन आला होता. बायको नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवून चालतं म्हणे. अष्टमीच्या आत करून टाका, नवमीला अडचण नको.
ह्यांनी सुपारी मागितली. मी ऐकू न आल्यासारखं केलं, पुदिना निवडत राहिले. मग स्वतःच डबे हुडकू लागले. साखरेचा उघडला, हळदीचा उघडला. इतक्या वर्षांत ह्यांना सुपारीचा डबा माहीत नाही. शेवटी सापडला.
एक सुपारी तळहातावर घेऊन पाटावर बसलेत. अजून बसलेत. दूध उतू चाललंय, पण उठून त्यांच्यासमोरून जायचं धाडस होत नाही.