ओळीओळीला कठडा

प्रिय नाना,

तू गेल्यावर सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण काल संध्याकाळी मी पुन्हा त्याच स्टेडियममध्ये, त्याच पायऱ्यांवर उभा होतो. लिहायची सवय गेलीय. अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस.

आठवतं ना? इथं आखातात, देरा भागातल्या आपल्या खोलीतून दर शुक्रवारी तू मला मॅचला न्यायचास. मोठा भाऊ म्हणून तिकीट तूच काढायचास. त्या दिवशी तू म्हणालास, "बाळ्या, इथंच वर उभे राहू." मी ऐकलं नाही. जवळून दिसेल म्हणून तुझा हात धरून तुला खाली ओढलं. गोल झाला, मागून माणसं लाटेसारखी आली. अडवायला मध्ये काहीच नव्हतं. तुझा हात सुटला.

का ऐकलंस रे माझं? एक थोबाडीत द्यायची होतीस!

यंदा तिथलंच काम आमच्या वर्कशॉपकडे आलं. खुर्च्या टाकल्या तर लोक खुर्च्यांवर चढतात, म्हणून उभं राहायची जागाच सुरक्षित करायची. प्रत्येक ओळीपुढे कमरेएवढा लोखंडी कठडा. मागचा माणूस पुढच्याच्या अंगावर पडायलाच नको. वेल्डिंगवर फोरमन म्हणून माझं नाव लागलं. नाही म्हणणार होतो. मग वाटलं, दुसऱ्या कुणी कच्चं केलं तर?

झोप उडाली, नाना. जेवताना बोल्ट मोजायचो.

तपासणीला दहा-दहा जण मिळून एकेक कठडा ढकलत होते. अकराव्या ओळीतला हलला. बोटभरच. इंजिनियर कुरियनसाहेब म्हणाले, "थोडा हिलता है, चलेगा. परसों मॅच है. यल्ला, जल्दी खलास करो."

"नहीं चलेगा, साब."

"तू इंजिनियर है क्या?"

तोंडातून निघून गेलं, "मेरा भाई इधरही मरा है, साब. मैंने उसको नीचे खींचा था."

हे मी वहिनीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. साहेब शर्टाच्या बाह्या सारून स्वतः गुडघ्यावर बसले. खालचं काँक्रीटच भुसभुशीत निघालं! दोन दिवस, दोन रात्री सगळ्या ओळी पुन्हा खोदल्या, तासाभरात घट्ट होणाऱ्या काँक्रीटनं भरल्या, आवळल्या.

काल अकराव्या ओळीत मी स्वतः उभा राहिलो. सगळे मैदानाकडे बघत होते, मी बोल्टांकडे. मागचा पठाण ओरडला, "हबीबी, मॅच उधर है! नीचे क्या गिरा तेरा?"

आणि गोल झाला. मागून तोच आवाज आला, नाना. मी डोळे मिटले, कठडा पोटाशी घट्ट धरला. माणसं नाचली, आपटली, ओरडली. पण जो तो आपापल्या ओळीतच राहिला. एकसुद्धा माणूस खाली आला नाही. गोल कुणी मारला, मला अजून ठाऊक नाही.

तरी भीती गेली नाही. एक मॅच झाली म्हणजे काय झालं? लोखंड गंजतं, बोल्ट सैल होतात.

म्हणून शब्द देतो. मी या देशात असेपर्यंत दर मॅचआधी जाऊन प्रत्येक कठडा स्वतः हलवून बघेन. एखादा हलला, तर त्या ओळीत कुणालाही उभं राहू देणार नाही. मग साहेब ओरडोत, नाहीतर घरी पाठवोत.

तुझा धाकटा,
बाळू