धवल्यांसाठी बारा जीबी

१८ मार्च
लॅपटॉप पुन्हा अडला. सी ड्राइव्ह लाल. हिराबाईंच्या रेकॉर्डिंगचा पहिला तुकडा कापायला घेतला आणि प्रोग्रॅम बंद. डिस्कवर जागा नाही. फोटो आधीच हलवले आहेत, जुन्या पीडीएफही. उरलं ते काढण्यासारखं नाही.
दुपारी मंदाचा फोन. हिराबाईंची सून. हिराबाईंच्या घशातली गाठ काढली. पावसाळ्यापर्यंत गाणं बंद, सध्या बोलणंही.
"मॅडम, आयेनी पाटलांच्या लग्नाची सुपारी आदीच घेतलेली. वैशाखातली हलद. आता परत कशी करनार? मनाच उभं रावं लागल."
लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी ती धवलारीण. धवलारीण सुपारी परत करत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेक विधी तिच्या धवल्यावर पुढे सरकतो. मंदा आजवर मागून सूर धरत आली. घरी शिकवणं नाहीच. मांडव नाही तर धवला नाही, हा हिराबाईंचा नियम.
माझ्याकडे हिराबाईंनी गायलेली चार लग्नं आहेत, मीच रेकॉर्ड केलेली, पेन ड्राइव्हवर. गाणी सुटी करून दिली तर मंदा ऐकून बसवेल. पण कापताना प्रोग्रॅमला जागा लागते ती सीमध्येच.

२० मार्च
डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं. पट्टीच्या उजव्या टोकाला एक कप्पा. त्याला ड्राइव्हचं अक्षर नाही. फक्त 'रिकव्हरी' आणि बारा जीबी. इतकी वर्षं माझ्याच मशीनमध्ये, मला न दिसता. मशीन बिघडलं तर ते विकत घेतलं त्या दिवशीसारखं करून द्यायला कंपनीने ठेवलेला. त्यावर क्लिक केलं तर यादीत फक्त 'मदत'. 'काढा' नाही.
वसंत चहा घेऊन मागे उभा.
"असू दे ना. तुझं काय खातोय?"
"बारा जीबी."
"अगं, उद्या बंद पडला म्हणजे?"
"विकत घेतला त्या दिवशी त्यात काहीच नव्हतं. तिकडे परत जाऊन करू काय?"
"रिटायर झाल्यापासून फारच धीट झालीस."
कप ठेवून गेला. साखर कमी.

२३ मार्च
शीळफाट्यापर्यंत बस, पुढे रिक्षा. हिराबाई ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या. मला पाहून दोनदा टाळी. म्हणजे मंदा, पाणी आण. मंदा आतून, "आले, आले. मुकी झाल्यापासून जास्तच वरडते."
रेकॉर्डिंगचं विचारलं. ऐकणं चालेल का? तांदळातला एक खडा वेचून बाजूला ठेवला. मग कानाला हात लावला: चालेल. ओठांवर बोट: म्हणायचं नाही.
"मनातल्या मनात म्हनू का?" मंदा.
हिराबाईंनी एक खडा उचलून तिच्या दिशेने फेकला. मंदा म्हणाली याचा अर्थ हो.
येताना सुकट बांधून दिली.

२६ मार्च
आधी रिकव्हरीची प्रत पेन ड्राइव्हवर. सूचना आली: यावरचं सगळं पुसलं जाईल. दोन पेन ड्राइव्ह, दोन्ही काळे. लग्नांचा काढून कपाटात, गोदरेजच्या लॉकरमध्ये ठेवला. मगच होय म्हटलं. सबंध दुपार गेली.
मग काळी खिडकी. इंग्रजी आज्ञा एकेक करून टाइप करायच्या. कप्प्याचा आकडा चुकला तर भलताच कप्पा जातो, आणि गेला की गेला. वसंतला शेजारी बसवलं. पूर्वी प्रुफं वाचायचो तसं. मी टाइप करायची, त्याने कागदावरून मोठ्याने वाचायचं.
"सिलेक्ट. पार्टिशन. पाच."
"पाच?"
"पाचच. बारा जीबीवाला. चष्मा आहे माझा."
एंटर. क्षणात झालं. इतकी वर्षं बसलेला कप्पा जाताना काहीच आवाज नाही.
सीकडे वळले. 'वाढवा' हे बटण करडं. दाबलं जात नाही. बारा जीबी मोकळे आहेत. सीला मिळत नाहीत.

२७ मार्च
कारण सापडलं. सी आणि मोकळी जागा यांच्या मधे आणखी एक रिकव्हरी. लहानसा, अर्धा जीबीसुद्धा नाही. सी फक्त लगतची जागा घेऊ शकतो. हा छोटा मधे बसलेला.
विंडोज सुरूच झाली नाही तर याच छोट्यातून दुरुस्ती होते. पेन ड्राइव्हवर प्रत आहे. ती चालते का, हे मात्र बिघडल्याशिवाय कळणार नाही.
वसंत: "चाळीतला प्रकार आहे. मोठी खोली रिकामी आणि मधल्या खोलीवाला हलत नाही."
"काय करू?"
"मला काय विचारतेस? मी पहिल्या दिवसापासून नको म्हणतोय."
दिवसभर नुसती आत-बाहेर. संध्याकाळी मंदाचा मेसेज: झालं का मॅडम?

२८ मार्च
सकाळी अंघोळ करून बसले. का, कोण जाणे. सिलेक्ट, पार्टिशन, चार. वसंतने दोनदा वाचलं, न सांगता.
'वाढवा' काळं झालं. दाबलं. सी निळा.
बंद करून सुरू केला. सुरू झाला. वसंतने शिरा केला.

५ एप्रिल
आठवडाभर कापणी. छान काम. डीजे, भांडी, बायकांची बडबड, हिराबाईंची मधली ओरड सगळं काढलं. निव्वळ धवले उरले. संहिता शुद्ध केल्यासारखं वाटलं. मंदाला पाठवले.

७ एप्रिल
"मॅडम, मधलं कुठाय?"
"मधलं म्हणजे?"
"आये वरडते ते. 'आगो, तेल आन', 'नवऱ्याला पाटावर बसव'. तवाच तर कलतं पुढचं कुठलं घ्यायचं. नुसती गानी घेऊन मी काय करू? आयेनं ऐकलं नि फोन उलटा ठेवला."
एवढी वर्षं वर्गात लोकगीतं शिकवली. पुस्तकात मधलं नसतंच.

११ एप्रिल
पुन्हा पहिल्यापासून. मूळ रेकॉर्डिंग शाबूत आहेत. या वेळी बडबडीसकट. फाइल्स मोठ्या होतात, बारा जीबी भराभर भरतायत. भरू देत. हिराबाई कुणाला तरी "तुजा डोला कुठं?" म्हणतात आणि लगेच सूर लागतो. मी ही जागा तीन वेळा ऐकली. कामासाठी नव्हे.

१९ एप्रिल
सगळं पाठवलं. एक सोडून. पाठवणीचा धवला. सर्वांत लांब. चारही लग्नांत तेव्हाच गाड्या सुरू झाल्या, बँड लागला. शब्द लागत नाहीत, चालही नाही. कान दुखेपर्यंत प्रयत्न केला. जागा आहे, आवाज नाही.

२ मे
पाटलांकडे हळद. वसंतही आला, जेवणासाठी म्हणाला. हिराबाई नवी हिरवी साडी नेसून खुर्चीत. मंदा उभी, घामाघूम. पहिला धवला नीट. दुसराही. तिसऱ्याआधी थांबली. बायका हिराबाईंकडे बघायला लागल्या. हिराबाईंनी हातही हलवला नाही.
मग मंदा नवरीच्या आत्येवर कडाडली, "आगो, वाटी धरून उभी काय राहिलीस, फोटो मागनं काढ! हलद सुकली!"
हे कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. हशा. त्यातूनच तिने सूर उचलला. मी फोन बाहेर काढला नाही.
जेवताना तिच्या शेजारी बसले. उद्याच्या पाठवणीचं सांगितलं. माझ्याकडे नाही म्हणून.
"म्हाईत हाय," म्हणाली. "तुमी पाठवलाच नाय ना."
"मग?"
तिने भातात आळं केलं, आमटी घेतली. समोरच्या पंगतीत हिराबाई आमच्याकडेच बघत होत्या.
"बगू," म्हणाली. "मांडव तर हाय."