बाबा, वायर ओढू नका

बाबा,

माझी गाडी लवकरची आहे, म्हणून तुम्हाला उठवलं नाही. कॉम्प्युटर सुरू करायला गोल बटण एकदाच दाबा आणि थांबा. आई असताना ती तेवढ्यात चहा टाकून यायची, तेवढा वेळ लागतोच. बंद करताना आधी पडद्यावरचं 'बंद करा' दाबा. दिवा विझला की मगच भिंतीवरचं बटण.

काल तुम्ही सरळ वायर ओढलीत आणि मी ओरडले, चुकलंच माझं. आईची शिवणाची सगळी मापं त्यातच आहेत, ती गेली असं वाटलं. आत्ता उघडून पाहिलं, सगळं जागेवर आहे. शेवटचं माप तुमच्या सदऱ्याचं आहे. पुढे तिने लिहिलंय, 'हे वाळलेत. तरी सैलच शिवायचा, भरतील परत.'

धाकटी